अंजनवेलचा डाव

माझी धाकटी जाऊ मनोरमा आमच्या घरात होती तोवर मी तिच्याबद्दल कुणाजवळ एक चांगला शब्द काढला नाही. वाईटही बोलले नाही म्हणा. कुणी तिची स्तुती केली की मी "हो, आहे खरी" एवढंच म्हणायचे आणि उठून चुलीतली लाकडं सारखी करायला जायचे. आता माझं वय झालं, ती तर नाहीच. मग लपवून काय करायचं? मला तिचा मत्सर वाटे. रूपाचा नव्हे. रूपाने ती बेताचीच होती, पुढचे दोन दात जरा वर आलेले, केसही विरळ. दागिन्यांचाही नव्हे, माझ्या अंगावर तिच्यापेक्षा जास्तच होतं. ती बुद्धिबळं खेळे, आणि त्या खेळाने तिला जे काही दिलं होतं ते मला मिळालं नव्हतं, याचा.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीच्या वरच्या अंगाला. सासूबाई मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी गेल्या, तेव्हापासून किल्ल्या माझ्या कमरेला. मामंजी शाळेचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. आमचे हे कचेरीत कारकून, आणि धाकटे भावोजी मुंबईला एका पेढीवर. ते तिथे चारजणांत एका खोलीत राहत, म्हणून लग्न झाल्यावर मनोरमा आमच्याकडेच राहिली. माहेर तिचं पालीचं. वडील बाजारात औषधांचं दुकान चालवत, आणि गिऱ्हाईक नसलं की मुलीला समोर बसवून पट मांडत. हे आम्हाला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं.

मामंजींना बुद्धिबळांचं वेड. संध्याकाळी ओटीवर पट मांडून ह्यांना खेळायला बसवायचे. ह्यांना घोडा अडीच घरं जातो एवढंच पक्कं ठाऊक. वडिलांचा राग नको म्हणून बसायचे आणि हरायचे. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता, तरी ते जिंकत. पट मांडला की मी चहा नेऊन ठेवी आणि माजघराच्या दाराशी तांदूळ निवडत बसे. अकरा वर्षं बसले. मामंजींनी त्या अकरा वर्षांत मला नावाने हाक मारली नाही. "अगो, चहा." "अगो, दिवा." एवढंच.

मनोरमा येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. ती ओटीवरून पाण्याचा तांब्या न्यायला गेली आणि पटाशी थबकली. मामंजींनी खेळी केली होती.

"मामंजी," ती म्हणाली, "तो वजीर नाही, उंट आहे. तुम्ही उंटाला सरळ नेलंत."

ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना ते दिसलं होतं, पण बोलले नव्हते. मामंजींनी मोहरं उचलून डोळ्यांजवळ नेलं, बोटांनी चाचपलं आणि परत ठेवलं. मग विचारलं, "तुला खेळता येतं?"

"येतं थोडं."

"बस."

ह्यांना उठवून त्यांनी तिला समोर बसवलं. सुनेने सासऱ्यासमोर पटाला बसायचं, हे पाखाडीवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं तर काय, असं माझ्या मनात आलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सुटका झाली म्हणून खुशीत पान लावत होते. डाव दिवेलागणीपर्यंत चालला. मनोरमा हरली, पण मामंजींचा आवाज मी आत चुलीशी ऐकला: "वा! वा गो! मनोरमा, ही खेळी तुला कुणी शिकवली?" चवथ्या आठवड्यात तिला नाव मिळालं. माझ्या हातात त्या वेळी पोळ्यांचा उंडा होता. तो मी असा काही मळला की त्या दिवशीच्या पोळ्या फुटाण्यासारख्या कडक झाल्या.

तिची बसायची एक तऱ्हा होती. विचार करताना दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून बसे. वडिलांनी लावलेली सवय. म्हणे, "हात मोकळे असले की डोळ्यांच्या आधी पळतात. मोहऱ्याला हात लागला की ते खेळावंच लागतं." पटापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ती घरातही तशीच वागे. भात लागला, कुणी टोचून बोललं, मुंबईचं पत्र महिनाभर आलं नाही, की बाई पाटावर बसायची, हात मांडीखाली. मी बोलून मोकळी होई, रडून मोकळी होई. ती मोकळी व्हायचीच नाही. उठायची तेव्हा काय करायचं ते तिचं ठरलेलं असे.

आणि दुसरी तऱ्हा त्याहून वाईट. हरलेला डाव ती परत मांडून बघे, कुठे बिघडलं ते सापडेपर्यंत. भांडणाचंही तेच. एकदा लोणच्याच्या बरणीवरून आमचं वाजलं. मी तिला नको ते बोलले, तिच्या माहेरच्या दुकानापर्यंत गेले. दुपारी मी पडले होते, तर ही येऊन उशाशी बसली.

"वहिनी, सकाळचं जरा बघू या का? आधी मी म्हटलं, बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला नाही. मग तुम्ही काय म्हणालात?"

"मेलं ते भांडण! परत कशाला उकरतेस?"

"उकरत नाही. मी दादरा म्हटलं ना, तिथेच चुकलं. तुम्ही बांधायला विसरलात असं तुम्हाला ऐकू आलं. मी नुसता दादरा आणून बांधायला हवा होता. पुढच्या वेळी तसं करीन."

आता अशा बाईशी भांडायचं कसं? भांडणात जिंकायचं समाधानसुद्धा तिने मला ठेवलं नाही.

माझी धाकटी सुमन तेव्हा पाळण्यात होती. श्रावणातली दुपार, बाहेर धो धो पाऊस. मी माजघरात आले आणि पाळण्याच्या खाली, भिंतीला लागून, फुरसं वेटोळं करून पडलेलं दिसलं. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती, फटीफटींतून पावसाळ्यात ही जात घरात शिरते. वीतभर जनावर, पण चावलं तर माणूस हाती लागत नाही. मी किंचाळले. हे काठी घेऊन धावत आले. फुरशाने अंगाची खरखर सुरू केली. पाळणा हलत होता आणि मुलगी जागी होऊन पाय झाडत होती.

"भावोजी, थांबा," मनोरमा दारातून म्हणाली. "काठी खाली करा. हलू नका कुणी."

ती तिथल्या तिथे उकिडवी बसली. हात, नेहमीसारखे, मांड्यांखाली. एवढं चाललेलं आणि ही नुसती बघत होती. मग हळूच उठली, भिंतीच्या कडेकडेने न्हाणीघराच्या दाराशी गेली, ते उघडलं आणि दाराआडचं घंगाळ बाजूला सरकवलं. परत येऊन ह्यांना म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकघराच्या बाजूने एकच पाऊल टाका. आपटून टाका." ह्यांनी पाय आपटला. फुरसं वेटोळं सोडून भिंतीच्या कडेने न्हाणीघरात गेलं आणि मोरीतून बाहेर.

ह्यांनी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला जायला एक घर ठेवायला हवं होतं, भावोजी. सगळी घरं बंद केली की ते चावणारच, दुसरं काय करील?"

आठ दिवस आळीत तेच चाललं होतं. बायका हळदीकुंकवाला आल्या की मला विचारत, "तुमच्या मुलीला जावेने वाचवलं ना गो?" मी हो म्हणे. खरंच वाचवलं होतं. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. पण उपकार केलेलं माणूस अधिकच खुपतं, हे मला त्या श्रावणात कळलं. माझी मुलगी, माझं माजघर, मी अकरा वर्षं झाडलेली ती न्हाणीघराची वाट. ती मला का सुचली नाही?

याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मामंजींचे एक जुने स्नेही होते, शाळेत त्यांच्या हाताखाली गणित शिकवलेले. निवृत्त होऊन अंजनवेलला आपल्या घरी राहिले होते. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. या दोघांचा डाव टपालाने चाले. एका कार्डावर एक खेळी. त्यांनी एक लिहायची, आपण एक लिहायची. एक डाव दीड दीड वर्षं पुरे. पावसाळ्यात आगबोटी बंद, टपाल जमिनीवरून जाई, तेव्हा तर एका खेळीला पंधरवडा. मोहरी मांडलेला दुसरा पट फडताळात कायम असे. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. मामंजींना आता लिहायला दिसत नसे, म्हणून कार्ड मनोरमा लिही. आधी नुसती लिही. मग दोघं मिळून विचार करू लागली. दोन दोन दिवस कुजबुज चाले, "हे केलं तर तात्या ते करतील," आणि मामंजी लहान मुलासारखे हसत. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही होई.

एके दिवशी दोघांची खेळी ठरली. हत्ती, उंटाच्या ओळीत, घर २. मनोरमेने कार्ड लिहून शाई वाळायला फडताळावर ठेवलं आणि ती विहिरीवर गेली. हे कचेरीत जाताना कार्ड पेटीत टाकत. मी माजघरात एकटी होते. कार्डाशेजारी पट होता. मी उभी राहून दोन्ही बघितलं. बारा वर्षं दाराशी बसून ज्या गोष्टी कानांवर आणि डोळ्यांवर पडल्या होत्या, त्या जागच्या जागी बसल्या. हत्ती दुसऱ्या घरात सुरक्षित होता. तिसऱ्या घरावर तात्यांचा उंट कोपऱ्यातून टपलेला होता.

टाक दौतीतच होता. दोनाचा तीन करायला एक वळण पुरतं. मी ते दिलं. ह्यांनी कार्ड खिशात घातलं आणि गेले.

नऊ दिवसांनी तात्यांचं उत्तर आलं. मनोरमेने ते ओटीवर वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"वाच ना," मामंजी म्हणाले.

"'तुमचा हत्ती घर तीनमध्ये पोचला. माझा उंट तो घेतो. मास्तर, प्रकृती ठीक आहे ना?'"

"तीन?" मामंजी ताठ झाले. "आपण दोन ठरवलं होतं! तू तीन लिहिलंस?"

मी दाराशी होते. तिने मान वर करून एकदाच माजघराकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "चूक झाली, मामंजी."

"अशी चूक? दोन दिवस डोकं फोडलं आपण!"

"तात्यांना लिहू या का, चुकून पडलं म्हणून?"

"छट्! पाठवली ती खेळी. परत मागायला आपण काय पोरं आहोत?" त्यांनी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं. "उद्यापासून थोरला लिहील."

पंधरा दिवस तिला पटावर बोलावणं नव्हतं. पहिले दोन दिवस मी मोठ्या मजेत काढले. तिसऱ्या दिवशी मामंजींनी हाक मारली, तेव्हा मी पदर सावरून ओटीवर गेले. "अगो," ते म्हणाले, "चहा फार गोड झालाय." मी कप घेऊन परत आले. काय वाटलं होतं मला? मनोरमा उठली की मामंजी मला बसवतील? ओटी नुसतीच रिकामी झाली होती. तिच्या जागी हे परत बसून हरू लागले.

सोळाव्या दिवशी मामंजींनाच राहवलं नाही. "मनोरमा, ये, बघ बाई डाव वाचतोय का ते," असं म्हणून त्यांनी तिला बोलावलं. त्याच दुपारी मागच्या पडवीत मी आमसुलं वाळत घालत होते, तिथे ती आली. येणार हे मला ठाऊक होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली तिखट. ती समोर बसली आणि आमसुलं पसरू लागली.

"वहिनी, त्या कार्डावर दोनाचे आकडे दोन होते. एक तारखेतला. तुम्ही खेळीतलाच घेतलात."

मी आमसुलं उलटत राहिले.

"भावोजींनी केलं म्हणावं, तर त्यांना ते सुचायचं नाही. आणि सुचून तरी काय, तिसऱ्या घरावर तात्यांचा उंट टपलाय हे मला स्वतःला दुसऱ्या दिवशी दिसलं. मामंजींना तर मी सांगितल्यावर. तुम्हाला ते उभ्या उभ्या दिसलं." तिने मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता; राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही मोहरी कुठे शिकलात?"

माझी तिखट उत्तरं कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "बारा वर्षं चहा नेऊन ठेवते. आंधळी नाही मी."

"मग एवढी वर्षं बोलला नाहीत कधी?"

"विचारलं कुणी?"

ती उठली. आमसुलाचे हात पदराला पुसून आत गेली आणि जुना पट घेऊन आली, ज्याच्या एका घोड्याचं नाक तुटलं होतं. माझ्यासमोर मांडला. पांढरी मोहरी माझ्याकडे ठेवली.

त्यानंतर रोज दुपारी, घर निजलेलं असताना, आम्ही दोघी मागच्या पडवीत खेळत असू. मी हरे. मुद्दाम हरणं तिला माहीत नव्हतं. "तो अपमान झाला समोरच्याचा" असं म्हणे. दर डावानंतर मोहरी मागे नेऊन दाखवी. "इथे तुम्हाला माझा हत्ती मारायची घाई झाली. माझं काय चाललंय ते बघायला विसरलात. वहिनी, क्षणभर माझ्या बाजूला येऊन बसा. आता बघा." आणि मला खरोखर उठवून आपल्या जागी बसवी. तिथून पट वेगळाच दिसे. माझ्या खेळ्या किती उतावळ्या, माझे डाव किती उघडे, ते तिथून दिसे. मला आवडायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी मीच भांडी लवकर आटपायचे.

दोन वर्षांत मी एकच डाव जिंकले. मात झाल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मला तिथे थोडं तरी काळं पडलेलं बघायचं होतं. ती दोन्ही तळहातांवर बसून पट न्याहाळत होती. मग खुलून म्हणाली, "प्यादं! ते प्यादं मी सोडलं. छान ओळखलंत हो!" हरताना तिला जी मजा आली, ती मला जिंकताना आली नाही. मग मत्सर वाटणार नाही तर काय होणार?

अंजनवेलचा डाव मात्र तिने सोडला नाही. हत्ती गेलेला, बदल्यात उंट हाती लागलेला, अशा पडत्या डावात ती वर्षभर एकेक कार्ड लिहीत राहिली. शेवटी तात्यांनीच लिहिलं, बरोबरी मान्य करा. मामंजींनी आळीत पेढे वाटले. आणि तेव्हापासून ओटीवर कोणीही आलं की ते हा किस्सा सांगत: "आमची मनोरमा हुशार, पण बेफिकीर हो! दोनाच्या जागी तीन लिहिलान् कार्डात. पण वाचवलान् डाव!" पाहुणे हसत. मनोरमाही हसे. मी चहा घेऊन उभी असे.

एकदा मी तिला म्हटलं, "सांगू का मी मामंजींना?"

"आता त्याचा उपयोग काय?" ती म्हणाली. "खेळी होऊन गेली. त्यांना आता तुमच्या हातचा चहा गोड लागतो, तो कडू व्हायचा." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हाला सांगावंसं वाटत असेल तर सांगा. ते तुमचं तुम्ही बघायचं."

मी सांगितलं नाही. मामंजी गेले ते मनोरमा बेफिकीर होती हे मनात धरून. त्या घरात तिच्याइतकं फिकीर करणारं दुसरं कुणी नव्हतं.

मामंजींचं वर्षश्राद्ध झालं आणि तिने मुंबईला एक कार्ड टाकलं. धाकटे भावोजी सहा वर्षं "खोली बघतो आहे" असं लिहीत होते. खोली काही दिसत नव्हती. मनोरमेने आधी कधी तक्रार केली नव्हती. मला वाटे, हिला त्याचं काही नाही. कार्ड तिने मला वाचायला दिलं. दोनच ओळी होत्या. 'मी वैशाखात येते आहे. बंदरावर यावे.'

"आणि ते नको म्हणाले तर?" मी विचारलं.

"चार तऱ्हांनी नको म्हणता येईल. चारींना उत्तर आहे माझ्यापाशी."

"आणि पाचवी तऱ्हा निघाली तर?"

ती हसली. "तर तिथे बसून विचार करीन. हात आहेत, मांड्या आहेत."

भावोजींचं उत्तर आलं. गिरगावात खोली मिळाली होती. सहा वर्षं न मिळालेली खोली बारा दिवसांत.

पुढे मुंबईतल्या तिच्या संसाराच्या गोष्टी कानांवर येत. शेजारच्या बायकांना तिने खेळायला बसवलं, चाळीतले पुरुष तिच्याकडे डाव सोडवायला येऊ लागले, असं भावोजी लिहीत. मी ती पत्रं एकदाच वाची. आमची गाठ पुन्हा पडली नाही. तिला रत्नागिरीला यायला दोनदा जमता जमता राहिलं. तिसऱ्या पावसाळ्यात विषमज्वराने ती गेली. तार आली त्या दिवशी मी मागच्या पडवीत गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

मला ती दिसते ती निघाली त्या सकाळची. हे, मी आणि सुमन तिला पोचवायला बंदरावर गेलो होतो. आगबोट लांब समुद्रात उभी, उतारू तिथवर पडावाच्या होडीने जायचे. उन्हाचा पार नव्हता. तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या ओटीत नारळ घातला आणि "जपून जा" म्हटलं. एवढंच म्हटलं. खूप म्हणायचं होतं. तिने जरा वाट पाहिली असं मला वाटलं, मग खलाशाने हात धरून तिला पडावात घेतलं.

पडाव माणसांनी आणि गाठोड्यांनी भरला होता. तिला एका फळीवर जागा मिळाली. समोर कुणी अनोळखी बाई, मांडीवर टोपली, पहिल्यांदाच बोटीने चाललेली असावी. भेदरून कडेला घट्ट धरून बसली होती. पडाव हलला. मी हात वर केला. मनोरमा माझ्याकडे बघतच नव्हती. ती पुढे वाकून त्या बाईला काहीतरी विचारत होती. बाईने मान हलवली, मग कडेवरचा एक हात सोडला, मग दुसरा, आणि ती हसली.

"काकू बघत का नाही?" सुमनने विचारलं.

"काम आहे तिला," मी म्हटलं.

हे छत्री घेऊन घराकडे वळले. मी तिथेच उन्हात उभी राहिले. त्या टोपलीवाल्या बाईला मी ओळखत नव्हते, तिने माझं काही घेतलं नव्हतं. तरी पडाव आगबोटीला लागेपर्यंत मी तिच्याकडेच बघत होते. मुंबईपर्यंत सबंध दिवस ती बाई मनोरमेच्या समोर बसणार होती.